जुना अ‍ॅम्प भंगारात देण्याआधी डॅक लावून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सणासुदीला पेपरात साउंडबार आणि ब्लूटूथ स्पीकरच्या पानपानभर जाहिराती येतात, जोडीला जुना सेट द्या नवीन न्या अशी एक्स्चेंज ऑफर असते, आणि मग नव्वदच्या दशकात हौसेने घेतलेले लाकडी बॉक्सचे स्पीकर न् आवाज मोठा करणारा, चांगला जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प लोक कवडीमोलाने देऊन टाकतात. हे बघून खरंच जीव तुटतो म्हणून लिहितोय.

मुद्दा साधा आहे. अशा बहुतेक सेटमधे स्पीकर आणि अ‍ॅम्प अजून ठणठणीत असतात, फार तर व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो, तो क्लीनर मारला की बऱ्याचदा ठीक होतो. जुनं झालेलं असतं ते सोर्स, म्हणजे गाणं जिथून येतं ते. सीडी प्लेअरची लेन्स थकलेली, कॅसेट डेक बंद, म्हणून घरातले म्हणतात सेटच गेला. सगळा सेट बदलायची काहीच गरज नाही, फक्त डिजिटल सोर्स बदला, आणि ते काम हजार-दोन हजारापासून होतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यूएसबी-सीचा डॅकवाला डोंगल, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी लावायचा छोटा जोड. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचं अ‍ॅनालॉग सिग्नलमधे रूपांतर करणारी चिप. एक बघून घ्या, काही स्वस्त डोंगलमधे डॅक नसतोच, नुसती वायर असते आणि ती बऱ्याच फोनवर चालत नाही. डोंगलमधून एका टोकाला हेडफोनसारखी साडेतीन एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए (जुन्या सेटच्या मागे लागतात त्या गोल पिना) अशी केबल अ‍ॅम्पच्या मागे ऑक्समधे (बाहेरचं उपकरण जोडायच्या इनपुटमधे) लावायची. ऑक्स नसेल तर टेप किंवा ट्यूनर लिहिलेल्या इनपुटला लावा, चालतं, फक्त फोनोला लावू नका कारण ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी आहे, तिथे आवाज फाटतो आणि बेस विचित्र होतो. फोनचा व्हॉल्यूम फुल जवळ ठेवून आवाज अ‍ॅम्पवरच कमी-जास्त करायचा. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, डोंगल बहुधा १ किंवा त्याहून कमी, त्यामुळे नॉब थोडा जास्त फिरवावा लागेल, त्यात बिघाड काही नाही.

दुकानात मात्र बहुतेक वेळा ब्लूटूथ रिसीव्हर हातात देतात. सोयीचा आहे, नाही म्हणत नाही, पण सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट आणि ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक (गाणं दाबून पाठवायची पद्धत) जेमतेम ३२८ पर्यंत, म्हणजे फोनवरचं बहुतेक आधीच कॉम्प्रेस केलेलं गाणं परत एकदा दाबलं जातं. एलडीएसी हा दुसरा कोडेक ९९० पर्यंत जातो पण तो फोन आणि रिसीव्हर दोन्हीकडे लागतो आणि आयफोनमधे तर नाहीच. पार्श्वसंगीताला ठीक आहे हो, पण किशोरीताईंचा आलाप ऐकताना मागचे तानपुरे नीट झंकारले पाहिजेत, स्वस्त रिसीव्हरवर ते मागे एक सपाट गुणगुण होऊन बसतात असा माझा अनुभव. वायर लावायचा आळस करू नका.

थोडं बजेट असेल, पाच ते दहा हजार, तर ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सियल आणि यूएसबी असे तिन्ही डिजिटल इनपुट (पहिले दोन टीव्ही-डीव्हीडीसारख्यांसाठी, यूएसबी फोन-कॉम्प्युटरसाठी) असलेला टेबलावरचा डॅक घ्या. मग टीव्ही पण त्याच स्पीकरवर येतो. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमधे पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) निवडायला विसरू नका, नाहीतर टीव्ही डॉल्बी पद्धतीने दाबलेला आवाज पाठवतो, साध्या डॅकला ते कळत नाही, आवाज येत नाही आणि लोक पीस खराब आहे म्हणून परत करतात. आणि माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर तो उतरवा, बऱ्याच मॉडेलला मागे केशरी रंगाचं कोअ‍ॅक्सियल आउट असतं, ते डॅकला जोडलं की झाला सीडी प्लेअर तयार, एवढ्या जमवलेल्या सीड्या पुन्हा वाजतात!

खर्च कुठे करू नये तेही सांगतो. महागड्या डिजिटल केबलवर नको, चार-पाच फुटांसाठी साधी धड केबल पुरते. २४ बिट १९२ किलोहर्ट्झ हे आकडे बघून दुप्पट पैसे देऊ नका, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमधे, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत, साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं आणि आपला कान तरुणपणी जेमतेम २० पर्यंत ऐकतो. त्यापेक्षा स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढा, कानाच्या उंचीवर आणा, फुकटात जास्त फरक पडतो. आणि ज्यांना सबस्क्रिप्शन नको त्यांच्यासाठी आकाशवाणीचं रागम आहे, २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत, आकाशवाणीच्या अ‍ॅपवर मोफत.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे जुने अ‍ॅम्प दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. आपल्या टेक्नॉलॉजीच्या पानावर दर आठवड्याला मोबाईलचे रिव्ह्यू येतात, त्यात कधीतरी एखाद्या डॅकलाही जागा द्या, त्याला कुठले इनपुट आहेत, आउटपुट किती व्होल्ट, जुन्या अ‍ॅम्पला कसा जोडायचा एवढं छापलंत तरी पुष्कळ, आणि ते एक्स्चेंजच्या जाहिराती सुरू व्हायच्या आधी आलं तर फार बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे