त्या चांदणीवर थांबवल्याबद्दल

प्रिय फादर,

फ्रान्समधल्या सोलेमच्या बेनेडिक्टाइन मठात पाहुण्यांची व्यवस्था तुमच्याकडे. वर्षभरात कितीतरी जण येऊन जात असतील, त्यात मी तुमच्या लक्षात असण्याचं कारण नाही. ऑक्टोबरात चार रात्री राहिलेला, जवळच्या ल मां शहरात कंपनीच्या कामावर आलेला वसईचा माणूस, तो मी. परतल्यावर तुम्हाला चिठ्ठी पाठवली, पण माझं फ्रेंच तीन ओळींतच संपलं. उरलेलं इथं सगळ्यांसमोर मराठीत लिहितो. तुम्हाला वाचता येणार नाही, त्यामुळे संकोचही कमी वाटतो.

रविवारी दुपारी जेवणाआधी मठाधिपती स्वतः माझ्या हातांवर पाणी घालायला आले आणि मी ओशाळून हात मागे घेतले. तुम्ही मागून माझं कोपर हळूच पुढे सारलंत. आमच्याकडेही दारात पाहुण्याला पाणी देतात, पण घरातलं सर्वांत वडील माणूस काही तांब्या घेऊन उभं राहत नाही. तुमच्याकडे संत बेनेडिक्टच्या नियमातल्या, म्हणजे मठात कसं राहायचं ते सांगणाऱ्या पुस्तकातल्या, ५३व्या प्रकरणात तसं लिहिलेलंच आहे, हे नंतर कळलं.

खरी फजिती संध्याकाळची. पाच वाजताची सायंप्रार्थना, बायबलमधलं स्तोत्र ११०. गावच्या चर्चमध्ये मी वीस वर्षं गायकवृंदात आहे, तेव्हा ग्रेगोरियन गायनाचं, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गाण्याचं, पुस्तक हातात येताच गप्प कसला बसतोय! चार रेषांवरचे चौकोनी सूर पहिल्यांदाच पाहत होतो, तरी हळू आवाजात मीही सूर लावला. दुसऱ्या कडव्याच्या मध्याशी सगळे थांबले. मी नाही थांबलो. भरल्या चर्चमध्ये माझं एकट्याचं ‘स्काबेल्लुम’ घुमलं. म्हणजे पादासन, पाय ठेवायची चौकी. शब्द तरी कुठला सापडावा!

एकाही मठवाशाने मान वळवली नाही. रात्री अतिथिगृहात तुम्ही तेच पान उघडलंत आणि ओळीच्या मध्यावरच्या चांदणीवर (*), म्हणजे थांबायच्या खुणेवर, बोट ठेवलंत. काही बोलला नाहीत. बोट तसंच होतं आणि तुमचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग बोट उचललंत आणि पुढचे शब्द गायलात. असं दहा-बारा ओळी चाललं असेल. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मी घाई केली, तेव्हा बोट पानावर जरा जास्त दाबलं गेलं, इतकंच.

आता माझी बाजू. आमच्या घरी लहानपणापासून रोज रात्री रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ; प्रत्येक प्रार्थनेचा अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. पुढचा ‘नमो मारिये’ म्हणतोय तोवर मागच्यांनी उरलेला अर्धा उचललेला असायचा, कारण चुलीवर भात असायचा किंवा टीव्हीवर मालिका सुरू व्हायची. दोन वाक्यांमध्ये मोकळी जागा असते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे पहाटे साडेपाचला पहिली प्रार्थना, आणि मग दिवसभर दर थोड्या वेळाने घंटा. बेनेडिक्टच्या हिशेबाने आठवड्याला दीडशे स्तोत्रं. उरकायचंच म्हटलं तर उरकायला सगळ्यांत मोठं निमित्त तुमच्याकडे होतं!

दुसऱ्या दिवशी तुम्ही एका जुन्या हस्तलिखिताचा छापील फोटो दाखवलात. त्यात रेषाच नव्हत्या, शब्दांवर मुंगीच्या पायांसारख्या खुणा तेवढ्या. सूर किती उंच ते त्या सांगत नाहीत. कुठे रेंगाळायचं आणि कुठे पुढे सरकायचं, ते सांगतात. तुमच्या मठातल्यांनी १८८९पासून असे फोटो छापायला घेतले, आणि ‘युस्तुस उत पाल्मा’ हे एकच गीत दोनशेहून अधिक हस्तलिखितांतून शेजारी शेजारी ठेवलं, असं तुम्ही सांगितलंत. नीतिमान माणूस ताडासारखा वाढेल, असे त्याचे शब्द. वसईच्या माणसाला ताड म्हटल्यावर आधी ताडीच आठवते, हे मात्र मी तुम्हाला सांगितलं नाही.

१९०१मध्ये मठवासी देशाबाहेर गेले ते १९२२मध्ये परतले, हेही तुम्ही ‘मध्यंतरी आम्ही इंग्लंडला होतो’ अशा थाटात सांगितलंत, जणू परवाच जाऊन आलात.

शेवटच्या रात्री निजण्याआधीच्या प्रार्थनेला मी पुस्तक उघडलं नाही. तिथं रोज तीच तीन स्तोत्रं, ४, ९१ आणि १३४, त्यामुळे चांदण्या कुठे येतात ते कानात बसलं होतं. एकदाही चुकलो नाही. तुम्ही तुमच्या जागेवरून पाहिलंत की नाही, कोण जाणे. बहुधा नाहीच.

आता शनिवारी रात्री मी ल मांहून व्हिडिओ कॉलवर आईबरोबर रोझरी म्हणतो. तिचा अर्धा भाग पुरा होऊ देतो, एक श्वास घेतो, मग माझा सुरू करतो. गेल्या शनिवारीही ती मध्येच थांबली आणि फोन हलवत म्हणाली, ‘‘रेंज गेली काय रे?’’

तुमचा,
‘स्काबेल्लुम’वाला पाहुणा