‘गुण आला’ छापताना माळ खिळ्यालाही अडकवून बघा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या इकडं काविळीचे पेशंट वाढतात आणि त्यांच्या मागोमाग माळ घालणारे, हात धुवून कावीळ उतरवणारे यांच्या बातम्या नि व्हॉट्सॲपचे मेसेज पण सुरू होतात, ‘हमखास गुण’ म्हणून. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, बिलिरुबिनचे, म्हणजे कावीळ किती चढलीय ते सांगणारे, रिपोर्ट रोज हातातनं जातात, म्हणून लिहितोय.

काउंटरवर नेहमी दिसतं ते असं. पहिला रिपोर्ट आठ-नऊ, काही आठवड्यांनी दोन. सोबत आलेले काका सांगतात, “माळ घातली बघा, तिसऱ्या दिवसापासनंच उतार पडला.” ते खोटं बोलत नसतात, त्यांनी डोळ्यानं बघितलेलं असतं. माळ घातली हे खरं, कावीळ उतरली हे पण खरं. पण घाण पाण्यातनं येणारी जी कावीळ, म्हणजे हिपॅटायटीस ए आणि ई, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते, आणि माणूस माळ घालायला जातो कधी, तर डोळे पिवळेधमक झाल्यावर, आजार अगदी भरात असताना. तिथनं पुढं बहुतेकांचं उतरणारच की. त्या दिवशी दुसरं काहीही केलं असतं तरी गुण त्यालाच मिळाला असता.

मग ओळखायचं कसं? माळच घ्या. ओल्या काड्यांचे तुकडे सैल गाठीत बांधलेले असतात, काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सरकतात आणि डोक्यावर ठेवलेली माळ हळूहळू गळ्यात, छातीवर येते, लोक म्हणतात कावीळ उतरली. तशीच माळ भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवा, ती पण लांबते. हात धुण्याचं पण तेच, आधी आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळायचा आणि मग चुन्याच्या पाण्यानं धुवायचे, पाणी पिवळं होतं. धडधाकट माणसाचे हात तसेच धुतले तरी पिवळंच. ‘हे केलं नसतं तर काय झालं असतं’ हा एक प्रश्न विज्ञान सोडत नाही, आणि रोजच्या बोलण्यात आपण नेमका तोच विचारत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. लॅबमध्ये परत येतो तो बहुतेक बरा झालेलाच. ज्याचं बिघडलं तो परस्पर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर खाजगीत ॲडमिट होतो, त्याचे पुढचे रिपोर्ट तिकडंच निघतात. म्हणजे नुसत्या आठवणीवर बोलायचं तर मला पण सगळेच बरे झालेले दिसणार. म्हणून औषधाची नीट चाचणी करताना पेशंटची यादी आधी करतात, कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, मधेच सोडून गेलेल्यांचा पण हिशोब ठेवतात, आणि जमेल तिथं तपासणाऱ्याला सुद्धा कुणाला काय दिलंय ते कळू देत नाहीत, कारण हुशारातला हुशार माणूस पण आपल्याला हवं तेच बघतो.

आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची अशीच चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, त्यातल्या ४० प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि फक्त एवढंच सांगायला सांगितलं की कुठली कुंडली कुणाची. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. हे २००९ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की कुणाची टिंगल नाही, कुणाशी भांडण नाही, उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारला आणि सगळीच उत्तरं मोजली, बरोबर आलेली तेवढीच निवडून घेतली नाहीत.

आणि हा नुसता चर्चेचा विषय नाही. हिपॅटायटीस ई गरोदर बाईला, त्यातनं शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणी ठरू शकते. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती ते इकडच्या लोकांना सांगायला नको. पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ होते, लेप्टोनं (लेप्टोस्पायरोसिसनं) होते, हिपॅटायटीस बी नं होते, प्रत्येकाचा इलाज वेगळा. माळ मात्र सगळ्यांना एकच घालतात आणि त्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत.

तेव्हा साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराला एवढंच विचारून यायला सांगा की किती जण आले होते, कुठली कावीळ होती ते रक्त तपासून बघितलं होतं का, त्यातले किती नंतर ॲडमिट झाले आणि हे सगळं लिहिलेली वही कुठाय. वही नसली तर ‘नोंद ठेवलेली नाही’ हे पण त्याच बातमीत, तेवढ्याच ठळक अक्षरात छापा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर