रेशमी म्हणून पॉलिस्टर

महोदय,

केसांचा गुंता होऊ नये, गळती थांबावी म्हणून सुनेने ऑनलाइन ‘रेशमी’ अभ्रा मागवला. माझा जन्म येवल्यात पैठणीच्या मागावर गेलेला. हात लावताच शंका आली. आतल्या कडेने कापडाचा एक धागा ओढला आणि काडी लावली. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरगळते. इथे वितळून टणक मणी झाला. पॉलिस्टर! अशा गुळगुळीत, चमकदार कापडाला सॅटिन म्हणतात; पण सॅटिन हे विणीचं नाव, धाग्याचं नव्हे.

गुळगुळीत कापडावर केस कमी घासतात, गालावर वळही कमी उठतात, हे खरं. पण तेवढं पॉलिस्टरचं सॅटिनही करतं. मुळापासून गळणारे केस कुठलाच अभ्रा थांबवत नाही. विक्रेत्यांनी निदान धागा कोणता ते ठळक छापावं. अभ्रा परत घेईनात; आता तो माझ्याच उशीला आहे.

– एक विणकर, येवला