त्याला कपडे कुणी दिले?

प्रिय दादा,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही मधेच विचारलंत, "गादी उन्हात टाकलीस का?" दुसऱ्यांदा हात झटकून चालू लागलात. तिसऱ्यांदा म्हणालात, "आभार वर मान, मी नुसतं दार उघडतो." म्हणून आता चारचौघांत लिहितोय. नाव लिहीत नाही, तेवढा तुमचा धाक अजून आहे.

दारू सोडायला संस्थेत आलो त्या रात्री दार तुम्हीच उघडलंत. आता डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होणार, असं मी धरूनच चाललो होतो. आधी एका ठिकाणी तसंच झालं होतं. खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि उपास-प्रार्थनेनं सगळं सुटेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला फिट आली. देवाच्या नावावर केलेला हलगर्जीपणा, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. तुम्ही मात्र आधी माझे हात बघितलेत. शेवटची कधी घेतलीस, रोज किती, किती वर्षं, एवढंच विचारलंत आणि गाडी बोलावलीत. "प्रार्थना गाडीत करू." केलीतही, दोन वाक्यांची.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. दारू मेंदूला दाबून धरते, म्हणून मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. 6 ते 24 तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि काहींना 48 ते 96 तासांच्या दरम्यान भ्रम. त्यात माणूस जाऊही शकतो. म्हणून औषध हळूहळू उतरवत नेतात, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. मला तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. तुम्ही स्टुलावर बसला होतात. "दादा, मुंग्या आहेत ना?" तुम्ही भिंतीकडे नीट बघितलंत. "मला दिसत नाहीत. पण तुला दिसतायत, हे खरं." वेडा म्हणाला नाहीत. होय-होयसुद्धा केलं नाहीत.

मग चपलांचं. रस्त्यावर झोपणारा माणूस चपला उशाला घेतो, नाहीतर सकाळी अनवाणी. तुमच्याकडे पलंग मिळाला, चादर मिळाली, तरी दीड महिना माझ्या चपला उशीखालीच होत्या. चादरीला चिखल लागायचा. तुम्ही रोज रात्री फेरी मारायचात, बघायचात आणि पुढे जायचात. एकदाही बोलला नाहीत. एका सकाळी त्या पलंगाखाली होत्या. मीच ठेवल्या होत्या, कधी ते आठवत नाही. तुम्हाला तारीख माहीत असेल, तुमच्या वहीत काहीही असतं.

आणि पत्ता. कुठलाही फॉर्म घ्या, नावाखाली पत्ता असतो. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून काम देणारा पगार कसा देणार? दारू सुटलेले कितीतरी जण याच चक्रात पुन्हा रस्त्यावर जातात, असं माझं मत झालंय. तुम्ही माझ्या हातातला पेन घेऊन त्या रकान्यात संस्थेचा पत्ता लिहिलात आणि पेन परत दिलात. "सही तुझी तू कर."

अभ्यासवर्गाबद्दल खरं सांगतो, सुरुवातीला मी झोपायचो. दारू सोडण्याच्या 12 पायऱ्यांमधली पहिलीच नडली. आपल्या हातात काही उरलेलं नाही हे कबूल करायचं. अहो, जे डोळ्यांनी दिसतं ते काय कबूल करायचं? "जे आत्म्याने दीन ते धन्य" हे वचन ऐकून तर राग आला होता. मला वाटलं, गरिबीचं कौतुक चाललंय. ते हात टेकण्याबद्दल आहे, हे कळायला चार महिने गेले.

पण बायबलमधल्या मार्क, अध्याय 5 च्या दिवशी जागा होतो. कबरांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचणारा माणूस. येशू त्याला बरं करतो आणि गावकरी येऊन बघतात तर हा कपडे घालून शुद्धीवर बसलेला. पास्टर दुष्टात्म्यांवर बोलत होते. तुम्ही मागून हळूच म्हणालात, "त्याला कपडे कुणी दिले असतील?" शुभवर्तमानात ते लिहिलेलंच नाही. लूक तर सांगतो की तो बरेच दिवस उघडाच फिरत होता. म्हणजे त्या गडबडीत कुणीतरी जाऊन कपडे आणले, त्याच्या अंगावर चढवले आणि निघून गेलं. मला तेव्हाच कळलं, हे तुम्ही कुणाबद्दल विचारताय ते तुम्हालाच माहीत नाही.

आठव्या महिन्यात मी पळालो. जाताना ऑफिसातलं तुमचं टेबलावरचं घड्याळ उचललं आणि विकून प्यायलो. पाच दिवसांनी परत आलो, तेव्हा तुम्ही घड्याळाचं नाव काढलं नाहीत. जेरी मॅकॉलीची गोष्ट सांगितलीत. न्यूयॉर्कमधला चोर आणि दारुडा, तुरुंगात ख्रिस्ताकडे वळला, सुटल्यावर पुन्हा दारूत आणि चोरीत गेला, आणि 1872 मध्ये वॉटर स्ट्रीटवर आपल्यासारख्यांसाठी दार उघडून बसला. "मधली वर्षं लोक सांगत नाहीत," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, माझ्यासारख्यावर रात्री का घालवता? तेव्हा तुम्ही 1935 चं सांगितलंत. परक्या शहरात धंद्याचा व्यवहार फसलेला दारुडा बिल विल्सन दारूच्या इतका जवळ आला की त्यानं फोन करून दुसरा दारुडा शोधला. त्याला सुधारायला नव्हे, स्वतः वाचायला. त्यातूनच पुढे अल्कोहोलिक्स अॅनोनिमस, म्हणजे एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची संघटना, उभं राहिलं. "तुझ्याशी बोलतो तो माझा डोस आहे," म्हणालात. तुम्हीही त्यातूनच आला आहात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

आता मी नवव्या पायरीवर आहे. ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, आणखी इजा होणार नसेल तर. माझी यादी लांब आहे. काही नावांपुढे नुसती रेघ आहे, कारण ती माणसं आता भेटणार नाहीत.

तुमचं नाव पहिलं आहे. पहिल्या पगारातून घड्याळ घेतलंय. अगदी तसं मिळालं नाही. याचे आकडे मोठे आहेत, तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतील. रविवारच्या भक्तीनंतर तुमच्या टेबलावर ठेवीन. तुम्ही नेहमी लावायचात तसं, पाच मिनिटं पुढे लावून.

तुमचा,
सात नंबर पलंग