शी म्हणण्याआधीचं वय

महोदय,

आधुनिक शिल्पकलेवरच्या आपल्या रविवारच्या लेखात हेलन चॅडविक यांची बोळवण ‘लघवीची फुलं करणारी ब्रिटिश बाई’ एवढ्या एका ओळीत झाली आहे. ओळ खोटी नाही, पण फार घाईची आहे.

१९९१ मध्ये कॅनडातल्या बान्फला चॅडविक आणि त्यांच्या जोडीदाराने बर्फाचे ढीग रचले, त्यावर फुलाच्या आकाराचा साचा दाबला आणि दोघांनी त्यात लघवी केली. ऊन धारेने बर्फाला भोकं पडली. त्यांत प्लास्टर ओतलं, पुढे ब्राँझमध्ये ओतकाम करून वर पांढरा रंग चढवला. अशी १२ फुलं. खरी गंमत ओतलेला आकार उलटा केल्यावर कळते. बाईची धार एका जागी पडून खोल गेलेली, म्हणून मधला जाड दांडा तिचा. भोवतीचे बारके सुळके पुरुषाचे! मला तर फोटोत आधी संक्रांतीचा काटेरी हलवाच दिसला.

धारेने मातीत नक्षी काढण्याचा उद्योग आमच्या शाळेच्या भिंतीमागे रोज चालायचा. चित्रकला शिकवायचे तेव्हा त्यापायी मी कितीतरी कान पिळले. लहान पोर शेणात हात घालतं, मेलेली पाल काडीने उलटी करून बघतं. शी म्हणायला त्याला आपण शिकवतो. भरतमुनींनी बीभत्साला रसांच्या पंगतीत बसवलं, हे मात्र आपण परीक्षेपुरतं पाठ करतो.

१९८६ मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत चॅडविक यांनी काचेच्या उंच मनोऱ्यात भाजीपाल्याचा कचरा भरला. नाव ‘कार्कस’, म्हणजे मेलेलं शरीर. कचरा आंबला, फसफसला, काच गळू लागली. हलवायला गेले तर झाकण उडून सगळं जमिनीवर. आमच्या सोसायटीच्या खतखड्यापाशी हल्ली मी मिनिटभर थांबते. वरच्या थरात कोथिंबिरीच्या काड्या ओळखू येतात, खाली काहीच ओळखू येत नाही.

चॅडविक १९९६ मध्ये अचानक गेल्या, अवघ्या ४२ व्या वर्षी. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या हेपवर्थ वेकफील्ड या कलासंग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्या लेखात त्याचाही उल्लेख नाही.

पुढच्या वेळी निदान एखादा फोटो छापा. कृष्णधवल चालेल, फुलं पांढरीच आहेत.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा