दुपटं आधी, तळण मग

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

आई, बाळाचं दुपटं आणि ताईकडची मोठी गोधडी, दोन्ही दिवाळीच्या आत उरकते असं तू काल फोनवर म्हणालीस. ते जमायचं नाही. हिशेब बघ. साडेचार बाय साडेसहा फुटांच्या गोधडीला पाऊण इंचावर धावदोरा घातला तर 72 ओळी होतात, म्हणजे जवळजवळ 470 फूट शिवण. तीन बाय तीनच्या दुपट्याला 48 ओळी, 144 फूट. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत सतरा दिवस, त्यातच फराळ. तेव्हा आत्ता फक्त दुपटं घे. रोज आठ ओळी घातल्यास तर सहा दिवसांत होईल, तेही गुडघे न आखडता. मोठी गोधडी तुळशीच्या लग्नानंतर, थंडी पडली की.

कापड आधी निवड. ट्रंकेतली तुझी नऊवारी साडेआठ मीटरच्या आतबाहेर असेल, तिच्यातून दुपट्याचं अस्तर सहज निघतं. पण काष्ट्याचा भाग घेऊ नकोस, तो सगळ्यात आधी विरतो. साडी खिडकीशी धर. वीण मच्छरदाणीसारखी दिसली, किंवा दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणल्यावर धागे सरकले, तर तो तुकडा वर किंवा खाली नको. मधल्या थराला चालेल. मधे बाबांचं जुनं धोतर घाल. त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही, आणि पाणीही लगेच सोडतं. खळ असेल तर आधी धुऊन काढ, नाहीतर सुई प्रत्येक टाक्याला अडते. सिंथेटिक साडी तर नकोच. ती थरांमधून निसटते आणि घाम टिपत नाही.

वरच्या थरात लाल खणाचा तुकडा लावणार असशील तर तो ओला करून पांढऱ्या रुमालावर ठेव आणि वरून इस्त्री फिरव. रुमालाला रंग लागला की तो तुकडा बाद. मीठ घालून तो रंग पक्का होत नाही. जरीचा काठ उसवून काढ, बाळाच्या कातडीला टोचतो. आरसे, मणी, बटणं काहीच नको. आणि ताईलाही सांग, दुपटं बाळाच्या खाली अंथरायचं. झोपेत अंगावर घालायचं नाही.

तिन्ही थर 39 इंची काप. एकेक इंच दुमडीत जातो, उरलेला इंच धावदोरा ओढून घेतो. आता कच्च्या टाक्यांकडे नीट लक्ष दे, कारण इथेच आळस होतो. आपण धावदोरा कडेपासून आत घालत जातो, त्यामुळे प्रत्येक फेरीत कापडाचा थोडा ढिलेपणा आत ढकलला जातो आणि शेवटी मधे फुगा येतो. तो मग कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. म्हणून थर सतरंजीवर नाही, पलंगाच्या फळीवर पसर. तळव्याने मधून बाहेर सारखे कर, आणि मधूनच चारी दिशांना वीतभर अंतरावर कच्चे टाके घाल. ते शेवटची फेरी होईपर्यंत काढायचे नाहीत.

दोरा दोन हातांपेक्षा लांब घेऊ नकोस. लांब दोरा वेळ वाचवत नाही, कापडातून जाऊन जाऊन त्याचा पीळ सुटतो आणि गाठी पडतात. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घे. सुई मध्यम जाडीची हवी. बारीक असली तर दुमडीपाशी वाकते, आणि दाभणाने जुन्या कापडाला भोकं पडतात. चार तुकड्यांचे कोपरे जिथे मिळतात तिथे थर दुप्पट झालेले असतात, तिथून सुई ओढत बसू नकोस, शेजारून टाका घे. गाठ थरांच्या आत खेचून टाक.

बाबा, तुमच्याकडे एक काम. सकाळी चहा झाला की दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवा. आईचे डोळे शिवताना फारसे दमत नाहीत, ओवताना दमतात. शिवायचं नऊ ते अकरा, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं बसून. दिव्याखाली नाही. त्या दोन तासांत स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा नको, कापड वास धरून ठेवतं. अकराला दुपटं धुतलेल्या साडीत गुंडाळून गाठोडं कपाटात.

तळण दुपारी. तरीही कापडाला तेल लागलंच तर लगेच पाणी लावू नकोस, वर तांदळाचं पीठ दाबून तासभर ठेव, मग झटक. हळद लागली तर साबण लावल्यावर डाग लाल होतो, त्याने घाबरू नकोस. धुऊन ओलंच कडक उन्हात टाक, दोन-तीन दिवसांत उतरतो.

अनारशाचे तांदूळ कोजागरीला भिजत घाल. तीन दिवस, रोज पाणी बदलून. चौथ्या दिवशी सावलीत पंचावर पसरायचे, हाताला दमट लागतील इतकेच वाळवायचे. पंचा सुवासिक साबणाने धुतलेला नको, तांदूळ तो वास घेतात. दळून चाळल्यावर वाटीभर कोरडं पीठ बाजूला काढून ठेव. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, म्हणजे सुटून पसरतो, तेव्हा तेच पीठ मळून सावरता येतं. गुळात भिजवलेलं पीठ वसुबारसेपर्यंत चांगलं मुरेल.

भाजणीसाठी बाबांनी चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, अर्धी पोहे, पाव वाटी धने आणि दोन चमचे जिरे आणावेत. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजायचा, एकत्र घातले तर पोहे जळतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्या. बाबा, गव्हाच्या पाठोपाठ दळू देऊ नका, आधी कुणाचे तांदूळ किंवा डाळ दळून झालेली असू द्या. दोन वाट्या भाजणीला दोन टेबलचमचे कडकडीत तेलाचं मोहन. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय. दगडासारखी झाली तर कमी पडलंय. काटे आले नाहीत तर पीठ सैल. आणि गार झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती, बाहेरून रंग आला पण आतला ओलावा राहिला. बुडबुडे थांबल्याशिवाय झारा घालायचा नाही.

चिवड्याचे पातळ पोहे उन्हात घाल, म्हणजे आकसत नाहीत. करंज्या मी आल्यावर दोघी मिळून करू.

घटाच्या आधी धुतलेल्या गोधड्या अजून गच्चीवर असतील तर त्या आधी खाली घ्या, कुणातरी मुलाच्या हाताने, बाबांनी उचलू नयेत. पुढच्या वेळी धुताना एक दोरी नाही, हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा आणि गोधडी दोन्हींवर आडवी टाका. एका दोरीवर पाण्याचं सगळं वजन मधल्या घडीवर येतं आणि जुने टाके तिथेच तुटतात.

खणाचे तुकडे मी शनिवारी एसटीने पाठवते, पांढऱ्या रुमालावर तपासून. मेणाचा खडाही त्यातच ठेवीन.

तुमची,
धाकटी