टेकलेलं पाऊल ओळखणाऱ्या काकांना

प्रिय काका,

माझ्या निगेटिव्हवरून तुम्ही डार्करूममध्ये बनवून दिलेले प्रिंट काल फ्रेम करायला पाकिटातून काढले. झेब्रा क्रॉसिंगच्या फोटोमागे, कोपऱ्यात, तुमच्या पेन्सिलीचा बारीकसा बाण दिसला. फ्रेमवाल्या मुलाने तो पाहिला आणि मला काही न विचारता फोटो सुलटा बसवला. मला तिथेच रडू आलं. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

चौदा वर्षं मी रस्त्यावर फोटो काढतोय. भिंतींचे पापुद्रे, काचेवरचं पाणी, एकाच फ्रेमवर तीन-चार एक्स्पोजर, नाहीतर पाव सेकंद शटर उघडं ठेवून माणसांचे नुसते ओघळ. एका स्पर्धेत परीक्षकांनी ‘हात हलला’ म्हणून फोटो बाद केले. एका दालनात तर हाच झेब्रा क्रॉसिंगचा फोटो नऊ दिवस उलटा टांगलेला होता. सांगायला गेलो तर म्हणाले, “तसंही यात काय दिसतंय?” ते वाक्य अजून सलतं.

अमेरिकन छायाचित्रकार सॉल लायटर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रंगीत फोटो काढत होते. त्या फोटोंचं पहिलं पुस्तक निघालं २००६ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी. तेवढा धीर माझ्यात नव्हता. कॅमेरा विकायला काढला होता मी.

आणि तुमचा फोन आला. “डबक्यातलं प्रतिबिंब वर घ्यायचं की खाली? लूपच्या भिंगातून पाहिलं, डावीकडे एक बूट स्वच्छ दिसतोय. टेकलेलं पाऊल आहे ना ते? मग रस्ता इकडे, बरोबर?”

काका, तोवर ते पाऊल कुणालाच दिसलं नव्हतं. पाव सेकंदात चालणारा माणूस पुसला जातो, पण ज्या पायावर भार असतो तो क्षणभर थांबतो, म्हणून तेवढाच उरतो. माझं सगळं काम त्या उरण्यावर उभं आहे. रशियन छायाचित्रकार अलेक्सी टिटारेंकोंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गच्या एका मेट्रो स्टेशनबाहेर काढलेल्या फोटोत गर्दीचा धूर झालाय आणि कठड्यावरचे हात तेवढे राहिलेत. तो पाहूनच मी या वाटेला लागलो. तुम्ही त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. तुम्ही माझी निगेटिव्ह नीट पाहिली होती.

त्या बुटासाठी डार्करूममध्ये किती वेळ हाताने उजेड अडवलात, किती कागद वाया गेले, कुणास ठाऊक. बिलात त्यातलं काहीच नव्हतं. समोरच्याचं काम कळलं नाही तर विचारावं, एवढी साधी सभ्यता मोठमोठ्या जाणकारांकडे मला मिळाली नाही. ती तुमच्याकडे होती, आणि ती दाखवतोय असं तुमच्या आवाजात कुठेही नव्हतं.

माझ्या पहिल्या एकल प्रदर्शनात तो फोटो दारासमोरच्याच भिंतीवर लागणार आहे. नक्की या. बाण आता फ्रेमच्या आत गेलाय. पुसू नकोस, असं त्या मुलाला दोनदा बजावून सांगितलं.

तुमचाच,
‘हललेल्या फोटोंवाला’